तापमान नियंत्रक युरोपात पाठवताना: ईएमसी निर्देशाची पूर्तता टप्प्याटप्प्याने

जर्मनीतील एखादा यंत्रनिर्माता पुण्याच्या किंवा नाशिकच्या लघुउद्योगाकडे तापमान नियंत्रकाची मागणी नोंदवतो, तेव्हा दरपत्रकासोबत तो 'सीई'ची, म्हणजे युरोपीय नियमांची पूर्तता दाखवणाऱ्या चिन्हाची, कागदपत्रेही मागतो. मग धावपळ सुरू होते आणि कोणीतरी चार दिवसांत 'सीई सर्टिफिकेट' काढून देणाऱ्या सल्लागाराचा फोन नंबर पुढे करतो. हा लेख त्या फोनच्या आधी वाचावा. विद्युतचुंबकीय सुसंगततेसाठी, म्हणजे ईएमसीसाठी, युरोपीय संघात सध्या २०१४/३०/ईयू हा निर्देश लागू आहे. तो २० एप्रिल २०१६ पासून अमलात आला. त्याआधी २००४/१०८/ईसी होता आणि त्याच्याही आधी १९८९ सालचा ८९/३३६/ईईसी. आजच्या निर्देशानुसार उत्पादन नियमांत बसते हे जाहीर करण्याची जबाबदारी उत्पादकाची स्वतःची असते. प्रयोगशाळेचा अहवाल हा त्या जाहीर विधानामागचा पुरावा आहे. सल्लागाराने दिलेल्या रंगीत 'प्रमाणपत्रा'ला कायद्यात कोणतेही स्थान नाही, आणि ते हातात असले म्हणून उत्पादकाची जबाबदारी कमी होत नाही.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक उत्पादन समोर ठेवू. डिन रेलवर (पॅनेलमधील धातूच्या पट्टीवर) बसणारा, प्लॅस्टिकच्या खोक्यातला, २३० व्होल्टवर चालणारा तापमान नियंत्रक. त्यात लहान एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा) आहे, थर्मोकपल आणि पीटी-१०० या तापमान सेन्सरसाठी इनपुट आहे, एक रिले आउटपुट आहे आणि आरएस-४८५ या तारांच्या जोडणीवर मॉडबस ही संवादपद्धत आहे. वायफाय किंवा ब्लूटूथ नाही.

कोणते कायदे लागू होतात

ईएमसी निर्देश दोन गोष्टी मागतो. उपकरणाने इतरांच्या रेडिओसंपर्कात किंवा यंत्रांत व्यत्यय आणू नये, आणि अपेक्षित परिसरातला व्यत्यय सहन करत त्याने आपले काम करत राहावे. पहिली बाजू उत्सर्जनाची आणि दुसरी प्रतिकारक्षमतेची. दुसरी बाजू विसरणारे बरेच आहेत. अमेरिकेतील साध्या डिजिटल उपकरणांसाठीचे एफसीसी या तिथल्या नियामकाचे नियम मुख्यतः उत्सर्जनाकडे पाहतात, त्यामुळे तिकडे माल पाठवलेल्या उत्पादकाला निम्मे काम झाले असे वाटते. युरोपसाठी प्रतिकारक्षमतेच्या चाचण्या पूर्णपणे नव्याने कराव्या लागतात.

आपल्या नियंत्रकाला २३० व्होल्टमुळे लो व्होल्टेज निर्देश २०१४/३५/ईयू आणि घातक पदार्थांमुळे रोह्स निर्देश २०११/६५/ईयू हेही लागतात. या सर्वांसाठी शेवटी एकच घोषणापत्र तयार होते, म्हणून सुरुवातीपासून तिन्हींचा हिशेब एकत्र ठेवावा. पुढल्या आवृत्तीत ब्लूटूथ मॉड्यूल बसवण्याचा बेत असेल, तर मात्र गणित बदलते. रेडिओ असलेले उपकरण ईएमसी निर्देशाच्या कक्षेतून बाहेर पडून रेडिओ उपकरण निर्देश २०१४/५३/ईयू खाली जाते. ईएमसी आणि विद्युत सुरक्षिततेच्या अटी त्या निर्देशातच अंतर्भूत आहेत. शिवाय इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना १ ऑगस्ट २०२५ पासून सायबर सुरक्षेच्या अटीही लागू झाल्या आहेत. 'मॉड्यूलला आधीच सीई आहे' एवढ्यावर संपूर्ण उत्पादन नियमांत बसत नाही. सीई असलेले भाग एकत्र जोडले की तयार होणारी वस्तू आपोआप अनुरूप ठरते, हे गृहीतच चुकीचे आहे, मग ते भाग रेडिओचे असोत की आयते घेतलेले पॉवर सप्लाय.

मानकाची निवड

निर्देशात आवश्यक अटी अत्यंत थोडक्या शब्दांत दिलेल्या आहेत. त्यांत डेसिबलचे आकडे नाहीत, ते मानकांत सापडतात. ज्या मानकाचा संदर्भ युरोपीय संघाच्या अधिकृत राजपत्रात त्या निर्देशाखाली प्रसिद्ध झाला आहे, त्याला हार्मोनाइज्ड मानक म्हणतात. ते मानक पूर्णपणे पाळले, तर त्याने व्यापलेल्या अटींपुरते उत्पादन निर्देशाशी अनुरूप असल्याचे गृहीत धरले जाते. मानक पाळणे सक्तीचे नाही. मात्र ते टाळल्यास अनुरूपता दुसऱ्या मार्गाने सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते, आणि लहान उत्पादकाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडीचा क्रम ठरलेला आहे. त्या प्रकारच्या उत्पादनासाठी खास मानक असेल तर ते आधी घ्यावे, नसेल तरच ईएन ६१०००-६ मालिकेतील सर्वसाधारण मानकांकडे वळावे. घरगुती उपकरणांसाठी ईएन ५५०१४ चे दोन भाग, संगणक व मल्टिमीडियासाठी ईएन ५५०३२ आणि ईएन ५५०३५, तर दिव्यांसाठी ईएन ५५०१५ आणि ईएन ६१५४७ आहेत. मापन, नियंत्रण आणि प्रयोगशाळा उपकरणांसाठीचे मानक ईएन ६१३२६-१ हे आहे, आणि आपला नियंत्रक त्यातच येतो. उत्सर्जनाच्या मर्यादांसाठी ते ईएन ५५०११ मालिकेतील मर्यादांचा आधार घेते. मानकाचे नुसते नाव पुरत नाही. कोणत्या सालाची आवृत्ती राजपत्रात नमूद आहे आणि जुनी आवृत्ती कधीपर्यंत चालते, हे प्रकल्पाच्या सुरुवातीला एकदा आणि घोषणापत्रावर सही करण्याआधी पुन्हा एकदा तपासावे. बाजारात नवी आवृत्ती विकत मिळते म्हणून ती राजपत्रात आलेलीच असते असे नाही.

यानंतर उपकरण वापरले जाण्याचा परिसर ठरवावा. कारखान्यातील पॅनेलमध्ये बसणारा नियंत्रक उत्सर्जनासाठी वर्ग 'ए' मध्ये ठेवता येतो. १० मीटर अंतरावर ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये ४० आणि त्यावर १००० मेगाहर्ट्झपर्यंत ४७ डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, अशी त्याची क्वासी-पीक (शिखरमूल्याच्या ठरावीक भारित मापनाची) मर्यादा आहे. घरगुती परिसरासाठीचा वर्ग 'बी' यापेक्षा १० डेसिबलने कडक आहे. वर्ग 'ए' सोपा वाटतो, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते. असे उपकरण निवासी भागासाठी नाही ही सूचना उपकरणासोबत, आणि योग्य तिथे वेष्टनावरही, द्यावी लागते, आणि बेकरीत किंवा छोट्या उपाहारगृहात नियंत्रक वापरू पाहणारा ग्राहक हातचा जातो. आराखड्याच्या टप्प्यावर वर्ग 'बी' गाठण्यासाठी लागणारा जादा खर्च बहुधा काही कपॅसिटर आणि एका चोकपुरता (व्यत्यय अडवणाऱ्या कॉइलपुरता) असतो. त्यामुळे नवे उत्पादन असेल तर आधी 'बी'चाच प्रयत्न करावा.

कागदावरचा आराखडा: काय चालेल, काय नाही

तांत्रिक फाइलमध्ये जोखमीचे विश्लेषण असावेच लागते. ते शेवटी लिहिण्याची वाईट प्रथा आहे, आणि त्यामुळेच ते निरुपयोगी ठरते. उपकरण कुठे बसेल, शेजारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) किंवा काँटॅक्टर (मोठे विद्युत स्विच) असतील का, कोणती केबल किती लांब जाईल आणि खोटे मापन आल्यास भट्टीचे काय होईल, या प्रश्नांची उत्तरे सर्किट काढण्याआधी दोन पानांत लिहावीत. त्यातूनच चाचण्यांची यादी तयार होते. उदाहरणार्थ, सेन्सरची केबल ३० मीटरपेक्षा लांब जाणार असेल तर त्या पोर्टवर सर्जची, म्हणजे अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजची, चाचणी लागते. आखूड असेल तर नाही, पण मग केबलची कमाल लांबी पुस्तिकेत लिहावी लागते.

प्रतिकारक्षमतेचे निकाल तीन निकषांवर ठरतात. 'ए' म्हणजे चाचणी चालू असतानाही काम ठरलेल्या मर्यादेत चालू राहणे. 'बी' म्हणजे तात्पुरता बिघाड होऊन आपोआप सुधारणे. 'सी' म्हणजे माणसाने रिसेट केल्यावर किंवा पुन्हा चालू केल्यावर सुधारणे. यातील 'ठरलेली मर्यादा' उत्पादकालाच लिहून द्यावी लागते. ती कोरी ठेवली तर प्रयोगशाळेतील अभियंता 'डिस्प्ले चालू आहे' एवढे पाहून पास म्हणेल, आणि तो अहवाल ग्राहकापुढे टिकणार नाही. आपल्या नियंत्रकासाठी पुढील वाक्य पुरेसे स्पष्ट आहे: रेडिओ लहरींच्या चाचणीत मापन पूर्ण मापनश्रेणीच्या १ टक्क्यापेक्षा अधिक ढळणार नाही, रिले स्वतःहून स्थिती बदलणार नाही आणि मॉडबसवरील चुकीची फ्रेम पुन्हा मागवली जाईल.

औद्योगिक परिसरासाठी साधारणतः पुढील पातळ्या लागतात. स्थिर विद्युत स्पर्शाने ४ आणि हवेतून ८ किलोव्होल्ट. ८० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झमध्ये १० व्होल्ट प्रति मीटरचे क्षेत्र. मुख्य पुरवठ्यावर २ किलोव्होल्टचे फास्ट ट्रान्झिएंट (अतिवेगवान झटक्यांची मालिका). सर्ज तारांमध्ये १ आणि जमिनीकडे २ किलोव्होल्ट. केबलमधून येणारी रेडिओ वारंवारता ३ व्होल्ट. याशिवाय व्होल्टेज खाली जाण्याच्या चाचण्या आणि २५० सायकल, म्हणजे ५० हर्ट्झवर ५ सेकंद, वीज पूर्ण जाण्याची चाचणी असते. या शेवटच्या चाचणीत निकष 'सी' चालतो. तरीही वीज परत आल्यावर सेटपॉइंट पुसला गेलेला असेल, तर त्याचा दोष फर्मवेअर लिहिणाऱ्याचा आहे.

सर्किट आणि पीसीबी

चाचणीत नापास होणे बहुतेक वेळा इथे ठरलेले असते, म्हणून या भागावर थोडा अधिक वेळ घालवू.

उत्सर्जनाचा शोध घेताना नजर खोक्याकडे जाते, पण खरे अँटेना केबल असतात. १ मीटर लांबीच्या केबलवर ५० मेगाहर्ट्झचा कॉमन-मोड प्रवाह (सर्व तारांतून एकाच दिशेने जाणारा) वाहत असेल, तर १० मीटरवर ४० डेसिबलची, म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरची, मर्यादा ओलांडायला केवळ सुमारे १६ मायक्रोअँपियर पुरतात. वर्ग 'बी' साठी ३ मीटरवरचा हिशेब केला, तर हाच आकडा ५ मायक्रोअँपियरच्या आसपास येतो. इतका क्षुल्लक प्रवाह ग्राउंडमधील किंचित फरकानेही केबलवर ढकलला जातो. म्हणून आरएस-४८५ चा आणि सेन्सरचा कनेक्टर शक्यतो बोर्डाच्या एकाच कडेला ठेवावा, त्यांच्याखाली सलग ग्राउंड प्लेन असू द्यावे आणि मायक्रोकंट्रोलर व त्याचे क्लॉक त्या कडेपासून दूर न्यावे. दोन थरांच्या बोर्डावर पैसे वाचतात, पण प्रयोगशाळेच्या दुसऱ्या फेरीत ते वसूल होतात. अशा मिश्र सर्किटला चार थर घ्यावेत. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड कापून वेगळे करण्याची जुनी सवय सोडून द्यावी, कारण कापलेल्या फटीवरून गेलेला प्रत्येक सिग्नल परतीची वाट शोधत मोठा वळसा घेतो. वेगवान रेषांवर उगमापाशी २२ ते ४७ ओहमचा मालिका रोधक ठेवावा. नको वाटला तर तिथे शून्य ओहम बसवता येतो, पण जागाच ठेवली नसेल तर नंतर काहीच करता येत नाही.

एसएमपीएसची स्विचिंग वारंवारता ६५ किलोहर्ट्झच्या आसपास असलेल्या अनेक आयसी बाजारात आहेत, आणि त्याला कारण आहे. वाहक उत्सर्जनाचे, म्हणजे तारांमधून बाहेर जाणाऱ्या उत्सर्जनाचे, मापन १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. ६५ चा दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारता) १३० वर राहून मापनातून सुटतो आणि पहिला सापडणारा हार्मोनिक तिसरा, १९५ किलोहर्ट्झचा असतो. प्राथमिक बाजूच्या स्विच आणि कपॅसिटरमधला लूप जितका लहान, तितके पुढचे काम सोपे. ट्रान्सफॉर्मरमधून दुसऱ्या बाजूला गळणाऱ्या प्रवाहाला परतीची जवळची वाट मिळावी म्हणून वाय कपॅसिटर लावतात. त्याचे मूल्य गळती प्रवाहाच्या सुरक्षा मर्यादेत बसते ना, हे लो व्होल्टेज निर्देशाच्या कामाशी ताडून पाहावे. इनलेटवरचा फिल्टर इनलेटला खेटून असावा. फिल्टरआधीची आणि नंतरची तार शेजारून गेली, तर फिल्टर असूनही नसल्यासारखा होतो.

तापमान नियंत्रकाचा खरा कमकुवत दुवा मात्र त्याचा इनपुट आहे. 'के' प्रकारचे थर्मोकपल १ अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते. १० व्होल्ट प्रति मीटरच्या क्षेत्रात केबलने पकडलेली रेडिओ वारंवारता अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या जंक्शनवर रेक्टिफाय होते, म्हणजे डीसीत बदलते, आणि त्यातून ०.४ मिलिव्होल्ट इतकाच डीसी सरकाव झाला तरी डिस्प्लेवर १० अंशांचा फरक दिसतो. नंतर लावलेला सॉफ्टवेअर फिल्टर इथे कामी येत नाही, कारण हा सरकाव खऱ्या सिग्नलसारखाच स्थिर असतो. त्यावर उपाय एकच: कनेक्टरला लागून, दोन्ही तारांवर सारख्या मूल्यांचा आरसी फिल्टर आणि मध्ये एक मोठा कपॅसिटर. दोन्ही बाजूंची मूल्ये जुळली नाहीत तर कॉमन-मोडचे रूपांतर सिग्नलमध्ये होते, म्हणून कपॅसिटर घट्ट टॉलरन्सचे घ्यावेत.

स्थिर विद्युतसाठी टीव्हीएस डायोड (अचानक वाढलेले व्होल्टेज वळवणारा) कनेक्टरपाशी ठेवावा आणि त्याची ग्राउंडकडची वाट आखूड व रुंद करावी. प्लॅस्टिक खोक्यात ठिणगी बटणांच्या आणि डिस्प्लेच्या फटीतून आत येते, तेव्हा तिथले अंतर यांत्रिक आराखड्यातच वाढवून घ्यावे. रिलेच्या कॉइलवर डायोड आणि संपर्कावर स्नबर (ठिणगी दाबणारे आरसी जोड) असावा. फर्मवेअरमध्ये वॉचडॉग (अडकलेला प्रोग्राम पुन्हा चालू करणारा), ब्राउन-आउट रिसेट (व्होल्टेज घसरल्यावर होणारा रिसेट) आणि सेटिंगवर सीआरसी (चूक ओळखणारी तपासणी), या तिन्ही गोष्टी असाव्यात.

स्वतःच्या टेबलावरची चाचणी

प्रयोगशाळेत पहिल्यांदाच उत्पादन चालू करणे महागात पडते. एक साधा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, नियर-फील्ड प्रोब (बोर्डाजवळ धरायचा अँटेना), एलआयएसएन (वीजपुरवठ्याच्या तारेवरचे उत्सर्जन मोजायला लागणारे जाळे) आणि केबलवर बसणारा करंट क्लॅम्प एवढ्या सामग्रीवर बरेच समजते. वाहक उत्सर्जनाचे टेबलावरचे आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यांच्या बरेच जवळ येतात. हवेतल्या उत्सर्जनाचे आकडे तसे येत नाहीत, पण केबलवरचा प्रवाह मोजून वरच्या हिशेबाने अंदाज बांधता येतो. कोणती वारंवारता कोणत्या क्लॉकची पट आहे, याचा तक्ता जवळ ठेवावा. मर्यादेखाली किमान ६ डेसिबलचे अंतर सुटत नसेल तर वेळ बुक करू नये. मापनातली अनिश्चितता आणि नगा-नगातला फरक दोन्ही त्यातच सामावून घ्यावे लागतात.

प्रयोगशाळेत

मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच हवी अशी अट निर्देशात नाही. तरीही आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकानुसार एनएबीएलची (भारतातील मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असलेली आणि नेमकी आपली मानके त्या मान्यतेच्या यादीत असलेली प्रयोगशाळा निवडावी, कारण युरोपातील ग्राहक आणि तपासनीस तीच भाषा समजतात. महाराष्ट्रात समीर आणि मुंबईतील ईआरटीएल या सरकारी संस्थांकडे ईएमसी चाचणीची सोय आहे. खासगी प्रयोगशाळाही आहेत.

जाताना दोन नग, सर्व केबल, सेन्सरच्या जागी लावायचा स्थिर स्रोत, मॉडबसवर सतत संवाद करणारा लॅपटॉप आणि लिहिलेला चाचणी आराखडा न्यावा. लॅपटॉप स्वतः विद्युत व्यत्यय निर्माण करतो, म्हणून त्याला ऑप्टिकल आयसोलेशनने जोडून कक्षाबाहेर ठेवावे. रिले ठरावीक वेळाने बदलत राहील असा फर्मवेअर मोड तयार ठेवावा. सर्वांत वाईट स्थितीत चाचणी घेणे अपेक्षित आहे, शांत बसलेल्या उपकरणाची नव्हे. लहान उपकरणाचे मापन ३ मीटरवरही घेता येते, तेव्हा मर्यादा १० डेसिबलने वर सरकते. अहवालात अंतर स्पष्ट लिहून घ्यावे. केबलवर फेराइट (व्यत्यय शोषणारे चुंबकीय कडे) अडकवून पास झाले, तर ते फेराइट उत्पादनाचा भाग बनते: एक तर ते मालासोबत जाते, नाहीतर ते लावण्याची सूचना पुस्तिकेत येते. तिसरा मार्ग नाही. अहवालात नगाचा क्रमांक, बोर्डाची व फर्मवेअरची आवृत्ती आणि मांडणीची छायाचित्रे असायला हवीत.

फाइल, घोषणापत्र आणि चिन्ह

आपल्या नियंत्रकासाठी मॉड्यूल 'ए', म्हणजे उत्पादकाचे अंतर्गत उत्पादन नियंत्रण, पुरते. ईएमसी निर्देशाखाली नोटिफाइड बॉडीकडे (अनुरूपता तपासायला नेमलेल्या संस्थेकडे) जाणे ऐच्छिक आहे. तांत्रिक फाइलमध्ये उत्पादनाचे वर्णन, सर्किट, पीसीबीचे आराखडे, भागांची यादी, मानकांची आवृत्तीसह यादी, जोखमीचे विश्लेषण आणि अहवाल ठेवावेत. शेवटचा नग बाजारात आल्यापासून १० वर्षे ती जपावी लागते. फाइल मागितली गेल्यावर जमवायला घेतली, तर तिच्यातील तारखाच खरे सांगतात.

घोषणापत्र एका पानाचे असते, पण ते काळजीपूर्वक लिहावे लागते. त्यात मॉडेलची ओळख, उत्पादकाचे नाव व पत्ता, ही घोषणा पूर्णपणे उत्पादकाच्या जबाबदारीवर दिली आहे हे वाक्य, लागू असलेल्या सर्व निर्देशांचे क्रमांक, मानके त्यांच्या तारखांसह, ठिकाण, दिनांक, सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा असावा. माल ज्या देशात जाईल त्या देशाने मागितलेल्या भाषेत त्याचे भाषांतर द्यावे लागते.

सीई चिन्ह किमान ५ मिलिमीटर उंचीचे, स्पष्ट आणि न पुसले जाणारे असावे. सोबत मॉडेल किंवा अनुक्रमांक, उत्पादकाचे नाव आणि टपालाचा पत्ता हवा. फक्त संकेतस्थळाचा पत्ता चालत नाही. आयातदाराचे नाव व पत्ताही उपकरणावर लागतो, आणि ते शक्य नसेल तर वेष्टनावर किंवा सोबतच्या कागदावर. पुस्तिकेत शील्डेड केबल, अर्थिंग, कमाल लांबी आणि वर्ग 'ए' असल्यास निवासी वापराची मनाई, हे सारे ग्राहकाला समजेल अशा भाषेत, म्हणजे जर्मनीसाठी जर्मनमध्ये, लिहावे.

१६ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या २०१९/१०२० या विनियमानुसार, अशा मालासाठी युरोपीय संघात कोणीतरी जबाबदार असलेच पाहिजे: आयातदार, लेखी नेमलेला अधिकृत प्रतिनिधी किंवा हे दोघेही नसतील तर फुलफिलमेंट (माल साठवून ग्राहकाकडे पोचवण्याची) सेवा देणारी कंपनी. ग्राहक स्वतः आयातदार असेल तर प्रश्न सुटतो, मात्र ते त्याला ठाऊक आहे ना, हे करारातच स्पष्ट करून घ्यावे. ऑनलाइन बाजारातून थेट विक्री करणाऱ्यांचा माल याच मुद्द्यावर अडतो. जर्मनीत ईएमसीची बाजार देखरेख बुंडेसनेट्झआगेंटूर ही सरकारी संस्था करते. ती माल मागवून स्वतः तपासू शकते आणि विक्री थांबवू शकते.

उत्पादन सुरू झाल्यावर

निर्देशाला चाचणी झालेला नग नव्हे, तर मालिकेतला प्रत्येक नग अनुरूप हवा असतो. टंचाईच्या काळात खरेदी विभाग मॉस्फेट, चोक किंवा आरएस-४८५ ड्रायव्हर बदलतो, डेटाशीट सारखी दिसते, पण नव्या आयसीची कड अधिक वेगवान असते आणि उत्सर्जन काही डेसिबलने वर जाते. म्हणून भागांच्या यादीत ईएमसीसाठी महत्त्वाच्या भागांवर खूण करावी आणि ते ईएमसी पाहणाऱ्या अभियंत्याच्या सहीशिवाय बदलता येणार नाहीत असा नियम करावा. पीसीबीचा पुरवठादार, ट्रान्सफॉर्मरची गुंडाळणी आणि फर्मवेअरमधील क्लॉकची सेटिंगही याच यादीत धरावी. प्रत्येक बदलावर पूर्ण चाचणी लागत नाही. बहुतेक वेळा टेबलावर जुना आणि नवा नग शेजारी ठेवून केलेली तुलना पुरते, तिची नोंद दिनांकासह फाइलमध्ये जाते, आणि फरक ३ डेसिबलहून अधिक दिसला तर तेवढी चाचणी प्रयोगशाळेत पुन्हा घ्यावी. मानकाची नवी आवृत्ती राजपत्रात आली आणि जुनीची मुदत संपली, की त्या तारखेनंतर बाजारात येणाऱ्या नगांसाठी दोन आवृत्त्यांतील फरक तपासून घोषणापत्र नव्याने काढावे लागते. तीन वर्षांपूर्वी बनवलेला, पण त्या तारखेनंतर बाजारात येणारा नगही मग नव्या मजकुराच्या घोषणापत्रासह जातो.